जपानच्या कामींना इतकं गोडगोड करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जपानच्या शिंतो धर्मावर पानभर आर्टिकल आलंय ते वाचलं. असा विषय मराठी पेपरात पानभर येतो ही चांगलीच गोष्ट, लेखकाचं त्याबद्दल कौतुक, पण अख्ख्या लेखात सूर एकच की शिंतोतले कामी (देव म्हणा, दैवी शक्ती म्हणा) म्हणजे झाडं, डोंगर, नद्या, वारा, सगळे प्रेमळ, सगळे शांत, आणि जपानी माणूस त्यांच्यात देव बघतो म्हणून तिकडे जंगलं टिकली, रस्ते चकाचक राहिले वगैरे वगैरे. अशा रील्स मोबाईलवर रोज येऊन पडतात, पेपरकडून जरा जास्त अपेक्षा असते हो. मी काही अभ्यासक नाही, बांधकामाच्या लाईनमध्ये आहे, जपानी कंपनीबरोबर तिकडे साईटवर काही वर्षं काम केलंय आणि तिथल्या लोकांबरोबर देवळांत जाऊन, प्रश्न विचारून विचारून आणि मिळेल ते वाचून जे कळलं त्यावरून लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की कामींच्या बाबतीत धाक आधी येतो, माया नंतर, आणि त्यांना सतत सांभाळत राहावं लागतं. नेमकं हेच लेखातून गायब आहे.

आता हे माझ्या मनाचं नाही सांगत. अठराव्या शतकात मात्सुसाका गावात मोतोओरी नोरिनागा नावाचे डॉक्टर होऊन गेले, दिवसा पेशंट बघायचे आणि उरलेल्या वेळात 'कोजिकी' या जपानी पुराणकथांच्या ७१२ सालच्या ग्रंथावर भाष्य लिहायचे, त्यात त्यांची पस्तीसेक वर्षं गेली. कामी कुणाला म्हणायचं याचं त्यांनी जे उत्तर दिलंय ते आजही सगळे सांगतात. थोडक्यात असं, की जे जे नेहमीच्या पलीकडचं आहे, ज्याच्यात काहीतरी जबरदस्त ताकद आहे आणि ज्याच्यासमोर माणूस दबकतो, ते कामी, मग ते पुराणातले देव असोत, माणूस असो, पक्षी, जनावर, झाड, समुद्र, डोंगर काहीही असो. आणि पुढे ते स्पष्ट म्हणतात की ही ताकद चांगलीच असली पाहिजे असं मुळीच नाही, दुष्ट आणि चमत्कारिक गोष्टीसुद्धा त्यात आल्या. वीज कामी, ड्रॅगन कामी, कोल्हा कामी, लांडगा आणि वाघसुद्धा. कोजिकीत तर चक्क पीच फळाला कामी केलंय. इझानागी आपल्या मेलेल्या बायकोला, इझानामीला, आणायला पाताळात जातो, तिचं सडलेलं शरीर बघून घाबरून पळत सुटतो, मागे भुतावळ लागते, तेव्हा तो वाटेतल्या झाडाची तीन पीचची फळं त्यांच्यावर फेकून मारतो आणि ती पळून जातात, मग खूश होऊन तो त्या फळाला नाव देतो आणि सांगतो की मला वाचवलंस तसंच माणसांनाही अडचणीत वाचव. झालं, पीच कामी. यात निसर्गप्रेम कुठंय, वेळेला उपयोगी पडला त्याचा मान ठेवला इतकाच हिशोब आहे.

लेखात 'जपानमध्ये ८० लाख देव आहेत' असं मोठ्या अक्षरात चौकटीत टाकलंय. अहो ही काय जनगणना आहे का? तो आकडा 'अगणित' या अर्थाने वापरतात, कुणी मोजून ठेवलेले नाहीत.

बरं ते पुराणातले देव तरी सोज्वळ आहेत का, तर तेही नाही. पाताळातून परत आल्यावर इझानागी नदीत अंग धुतो, डाव्या डोळ्यातून सूर्यदेवी आमातेरासु जन्मते, उजव्यातून चंद्र त्सुकुयोमी आणि नाकातून सुसानोओ. हा सुसानोओ म्हणजे वादळच, तो बहिणीच्या राज्यात जाऊन भातखाचरांचे बांध फोडतो, नव्या धान्याच्या सणाच्या जागेत घाण करून ठेवतो आणि शेवटी सोललेला घोडा छपरातून विणकामाच्या खोलीत फेकतो, तिथली एक विणकरीण त्या धक्क्याने मरते. मग आमातेरासु रागावून गुहेत जाऊन बसते, जगात अंधार. सगळे कामी नदीकाठी जमून मीटिंग घेतात, आरसा बनवतात, कोंबडे आरवायला लावतात, आणि आमे-नो-उझुमे नावाची देवी उलट्या टाकलेल्या पिंपावर चढून असा काही बेभान नाच करते, कपडे सुटेपर्यंत, की सगळे देव खो खो हसायला लागतात. आत बसलेल्या आमातेरासुला वाटतं मी नसताना हे हसतायत कशाला, म्हणून ती दगड जरासा सरकवते, समोर आरसा धरलेला, त्यात ती स्वतःचंच तेज बघते, आणि तेवढ्यात एक ताकदवान देव तिचा हात धरून बाहेर ओढतो आणि मागे दोरी बांधून टाकतात की आता परत आत जायचं नाही. मला ही गोष्ट फार आवडते कारण यात सूर्यदेवीलासुद्धा युक्तीने बाहेर काढावं लागतं. सर्वशक्तिमान वगैरे कुणी नाही, रुसतात, फसतात, समजूत काढावी लागते. आणि तोच उपद्रवी सुसानोओ दाढी आणि नखं कापून हाकलून दिल्यावर इझुमो प्रांतात येतो, आठ डोक्यांच्या सापाला दारू पाजून मारतो, एका म्हाताऱ्या जोडप्याची शेवटची मुलगी वाचवतो आणि थेट हिरो होतो. व्हिलन आणि हिरो एकच.

हे एकट्या सुसानोओचं नाही बरं का. कामीच्या आत्म्याला खवळलेली बाजू असते आणि निवलेली बाजू असते असं मानतात, पहिलीला आरामितामा आणि दुसरीला निगिमितामा म्हणतात, आणि इसेच्या मोठ्या देवळाच्या आवारात आमातेरासुच्या या खवळलेल्या बाजूचं वेगळं देऊळ आहे, आरामात्सुरी नावाचं. लोक मेन देवळात जाऊन मग तिकडेही जातात. म्हणजे देवाचा राग काही लपवून ठेवायची गोष्ट मानलेली नाही, त्यालाही रीतसर जागा आणि नैवेद्य आहे.

आता ज्याच्याबद्दल लेखात एक ओळ नाही आणि जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे माणसं कामी कशी होतात. सुगावारा नो मिचिझाने हा नवव्या शतकातला मोठा विद्वान, कवी, राजघराण्यातला नसूनही उजवा मंत्री या पदापर्यंत पोचला. दरबारातल्या फुजिवारा घराण्याला ते खुपलं, ९०१ साली खोटा आळ घेऊन त्याला पार क्युशू बेटावरच्या दाझाइफूला पाठवून दिलं आणि ९०३ ला तो तिथेच हाल काढत गेला. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण ९०९ ला ज्याने आळ घेतला होता तो फुजिवारा तोकिहिरा ऐन चाळिशीच्या आत मेला, मग ९२३ ला युवराज गेला, तेव्हा दरबार हादरला आणि मेलेल्या माणसाला त्याचं पद घाईघाईने परत दिलं. उपयोग शून्य. ९३० साली राजवाड्याच्या सेइर्योदेन या दालनावर वीज कोसळली, तिथे हजर असलेले अधिकारी मेले आणि सम्राट दाइगो आजारी पडून त्याच वर्षी वारले. आता कुणालाच शंका उरली नाही. मिचिझाने वीज होऊन आलाय. ९४७ ला क्योतोत कितानो तेन्मांगू हे देऊळ उभं राहिलं, तो तेंजिन नावाचा कामी झाला, पुढे ९९३ ला तर मेल्यावर नव्वद वर्षांनी त्याला राज्यातलं सगळ्यात मोठं मंत्रिपद दिलं! सरकारने भुताला दिलेलं प्रमोशन म्हणा ना.

आणि गंमत बघा, आज हाच तेंजिन परीक्षेचा देव आहे. जानेवारी-फेब्रुवारीत कितानोला किंवा दाझाइफूला गेलात तर लाकडी पाट्यांचे ढीगच्या ढीग लटकलेले दिसतात, त्यांच्यावर पोरांनी कुठल्या कॉलेजला ॲडमिशन पाहिजे ते फॅकल्टीसकट लिहिलेलं असतं, आणि आवारात बसलेल्या बैलाच्या मूर्तीच्या डोक्यावर हात फिरवून फिरवून ते डोकं गुळगुळीत झालेलं असतं, कारण मिचिझानेची तिरडी नेणारा बैल जिथे बसला तिथेच त्याला पुरला अशी कथा आहे. अजूनही ढग गडगडले की म्हातारी माणसं 'कुवाबारा, कुवाबारा' म्हणतात, ते मिचिझानेच्या जमिनीचं नाव होतं आणि तिथे म्हणे वीज कधी पडली नाही. म्हणजे राजवाडा जाळणारा आणि मुलांना पास करणारा एकच, मधे हजार वर्षांची मनधरणी आहे. रागावलेल्या मृताला पूजा करून, पदव्या देऊन, नाव देऊन आपल्या बाजूला आणायचं ही जुनी सरकारी पद्धतच होती, ८६३ ला क्योतोच्या शिनसेन-एन बागेत अशा अन्यायाने मेलेल्यांसाठी सार्वजनिक विधी झाल्याची नोंद आहे. आज टुरिस्ट ज्या गिओन उत्सवासाठी जुलैत क्योतोला गर्दी करतात त्याचं मूळही हेच, ८६९ साली साथ पसरली तेव्हा देशातल्या ६६ प्रांतांसाठी ६६ भाले उभे करून रोग पसरवणाऱ्या शक्तीला शांत करायला विधी केला, त्या भाल्यांचे पुढे एवढे सजवलेले उंच रथ झाले.

तोक्योतलं मासाकादोचं प्रकरण तर याहून भारी. ताइरा नो मासाकादो याने पूर्वेकडे बंड केलं, स्वतःला 'नवा सम्राट' म्हणवून घेतलं आणि ९४० ला मारला गेला. त्याचं मुंडकं तेव्हाच्या राजधानीत, क्योतोत, टांगलं होतं ते उडून आत्ताच्या ओतेमाचीत येऊन पडलं अशी दंतकथा. ओतेमाची म्हणजे बँका आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या हेडऑफिसांचा भाग, तिथे एकेक फूट जमीन सोन्याची, आणि त्या टॉवर्सच्या मधोमध आजही मुंडक्याची समाधी आहे, समोर ताजी फुलं. १९२३ च्या भूकंपात अर्थखात्याची इमारत जळाली तेव्हा त्या टेकाडावर टेंपररी ऑफिस बांधलं, थोड्याच काळात खुद्द अर्थमंत्री आणि इतर काही अधिकारी वारले, ते बांधकाम काढून टाकलं आणि विधी केले. १८६८ ला सम्राटाच्या नावाने आलेल्या मेइजी सरकारने १८७४ ला मासाकादोला तोक्योच्या कांदा म्योजिन देवळातून हटवलं होतं कारण सम्राटाविरुद्ध बंड केलेला माणूस सम्राटाने कसा पूजायचा, तो मुख्य देवांमध्ये परत आला १९८४ ला. तिथे आसपास काम करणारे सुटाबुटातले लोक येताजाता वाकून जातात. त्यांना विचारा निसर्गपूजा करताय का म्हणून.

आता निसर्गाकडेच येऊ, कारण तो भाग खोटा आहे असं मला म्हणायचं नाहीये. नारा जवळच्या ओमिवा देवळात मूर्ती तर सोडाच गाभाराच नाही, प्रार्थनेचा हॉल आहे आणि त्याच्या मागे मिवा डोंगर, तो डोंगरच देवाचं अंग. इथला कामी सापाच्या रूपात येतो म्हणून आवारातल्या जुन्या सुगी झाडाखाली लोक अंडी आणि साके (तांदळाची दारू) ठेवतात. डोंगर चढता येतो पण आधी नाव नोंदवायचं, गळ्यात पांढरी पट्टी घालायची, वर खायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. नाचीला १३३ मीटरचा धबधबा आहे, तिथल्या हिरो देवळातही तसंच, समोर कोसळणारं पाणी हाच कामी, वर कड्यावर जाडजूड गवती दोर बांधलेला असतो. पण हे बघा, मिवाच्या डोंगराला लोक 'निसर्ग' म्हणून एन्जॉय करायला जात नाहीत, त्याचे नियम पाळायला जातात. पिकनिकला वेगळे डोंगर आहेत.

बाकी बहुतेक देवळांत गाभाऱ्यात आरसा, तलवार, दगड असं काहीतरी असतं, ज्यात कामी येऊन राहतो, आणि ते कुणी बघायचं नसतं. इसेत आमातेरासुचा आरसा आहे म्हणतात, सामान्य माणसाला तर बाहेरच्या फाटकावरचा पांढरा पडदासुद्धा ओलांडता येत नाही. आणि एका देवळातून दुसऱ्या गावी देव न्यायचा असेल तर आत्म्याचा अंश नेतात, दिव्यावरून दिवा लावावा तसा, मूळचा काही कमी होत नाही, म्हणून तर इनारी या एकाच तांदळाच्या देवतेची देशभर हजारो देवळं.

इसेचा उल्लेख निघालाच आहे तर, लेखात त्याला 'प्राचीन मंदिर' म्हटलंय. जागा प्राचीन आहे, इमारत २०१३ ची. दर २० वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेत हुबेहूब तसंच देऊळ नव्याने बांधतात, ६९० सालापासून ही रीत, मधे यादवीच्या काळात शंभराहून जास्त वर्षं बंद पडली होती, ६२ वी वेळ २०१३ ला झाली, पुढची २०३३ ला आणि तिच्या लाकडांचे विधी २०२५ मध्ये सुरूही झालेत. हिनोकीची दहा हजारांच्या आसपास झाडं लागतात. बांधकामवाला म्हणून मला यात सगळ्यात भारी काय वाटलं तर जुनं लाकूड फेकत नाहीत, मुख्य देवळाच्या दोन टोकांचे जे भले मोठे खांब असतात ते नंतर उजी पुलाच्या दोन टोकांची तोरी म्हणजे कमान होतात, तिथे २० वर्षं झाली की दुसऱ्या गावी परत कमान म्हणून जातात. जोडणी, तासणी, छपराचं गवत, सगळं हातांनी, म्हणजे दर पिढीतला सुतार एकदा शिकाऊ म्हणून आणि एकदा उस्ताद म्हणून तेच काम करतो. कामींना सांभाळावं लागतं म्हणतो ते हेच, नुसता भाव असून चालत नाही, मेंटेनन्स आहे.

साईटवरचा जिचिनसाई, म्हणजे आपलं भूमिपूजन म्हणा, मी जवळून पाहिलाय, तो सांगतो, कारण कामी रोजच्या कामात कसे येतात ते त्यात कळतं. काम सुरू करायच्या आधी मोकळ्या प्लॉटवर चार हिरवे बांबू रोवून गवती दोर बांधतात, दोराला कागदाच्या पांढऱ्या झिगझॅग पट्ट्या, मधे टेबलांवर तांदूळ, मीठ, पाणी, साके, अख्खा ताई मासा आणि भाज्या, आणि मधोमध साकाकी या पवित्र झाडाची हिरवीगार फांदी. त्या फांदीवर जमिनीचा कामी उतरतो. पुजारी फांदीकडे तोंड करून एकच लांबलचक 'ओऽऽऽ' असा आवाज काढतो, खालून वर चढत जाणारा, आणि हेल्मेट काखेत धरलेले सगळे साहेब, कॉन्ट्रॅक्टर, क्रेनवाले कंबरेत वाकून उभे. खरं सांगतो, शेजारच्या रस्त्यावर ट्रक जात होते तरी त्या आवाजाने अंगावर काटा आला. मग चार कोपऱ्यांना मीठ-तांदूळ-कागदाचे तुकडे टाकतात, आणि मग वाळूचा छोटा ढीग केलेला असतो त्यात गवताची जुडी खोचलेली, आर्किटेक्ट लाकडी विळ्याने ती कापल्यासारखं करतो, मालक लाकडी कुदळ मारतो, कॉन्ट्रॅक्टर फावडं, प्रत्येकजण तीनदा आणि प्रत्येक वेळी 'एइ!' असं मोठ्याने ओरडून. बोर्डमीटिंगमध्ये हळू आवाजात बोलणारा माणूस तिथे वाळूच्या ढिगावर ओरडतो. शेवटी पुजारी परत तो 'ओऽऽऽ' करून कामीला रवाना करतो. माझ्या सीनियरला, ओकादा-सान म्हणू, मी विचारलं की तुमचा विश्वास आहे का यावर, तर तो म्हणाला विश्वासाचं माहीत नाही पण हे न करता खोदायला मी माणसं उतरवणार नाही. बस, विषय संपला. पुढे लगेच सेफ्टी मीटिंग.

हाच विधी कोर्टात पण गेलाय. त्सु शहराच्या नगरपालिकेने १९६५ ला जिम्नॅशियमच्या जागेवर जिचिनसाई केला आणि सरकारी तिजोरीतून ७,६६३ येन दिले, एका नगरसेवकाने केस टाकली की हा धर्मावरचा सरकारी खर्च आहे. हायकोर्टाने १९७१ ला त्याचं म्हणणं मान्य केलं, सुप्रीम कोर्टाने १९७७ ला फिरवलं, १० विरुद्ध ५, की हा समाजात रुळलेला रिवाज आहे. पाच न्यायाधीशांना पटलं नाही हे विसरू नका, म्हणजे जपानी लोकांमध्येही यावर एकमत नाही, आणि त्यामागे इतिहास आहे, जो लेखात पूर्ण गाळलाय.

कारण १८६८ च्या आधी कामी आणि बुद्ध एकाच आवारात नांदत होते, कामी हे बुद्धांचीच इथली रूपं असं मानायचे, आपली सरस्वती बेंझाइतेन होऊन बेटांवर आणि तळ्यांकाठी बसली होती, महाकाल दाइकोकुतेन होऊन तांदळाच्या पोत्यांवर उभा राहून हसत होता, अजूनही हसतोय. मेइजी सरकारने कामी वेगळे आणि बुद्ध वेगळे करायचा हुकूम काढला, त्यात कितीतरी बौद्ध मूर्ती आणि मठ फुटले, आणि शिंतोला राज्याच्या कामाला जुंपलं. यासुकुनी देवळाची स्थापना १८६९ ची, तिथे युद्धात मेलेले सुमारे २४ लाख ६६ हजार जण कामी म्हणून पूजले जातात, १९७८ ला त्यात दुसऱ्या महायुद्धातले 'अ' वर्गाचे चौदा युद्धगुन्हेगार घातले आणि तेव्हापासून तिथे कोण मंत्री गेला की चीन-कोरियात आरडाओरड होते. सम्राट हिरोहितो १९७५ नंतर तिकडे गेले नाहीत. हे सगळं कामींचंच प्रकरण आहे ना? मग ते 'शांतताप्रिय निसर्गधर्म' या मथळ्याखाली कसं बसवणार?

आणि जंगलांचं म्हणाल तर मिनाकाता कुमागुसु वाचा. वाकायामाकडचा हा विक्षिप्त माणूस, लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं बसलेला, बुरशीसारख्या दिसणाऱ्या स्लाइम मोल्डचा अभ्यासक. १९०६ ला सरकारने ठरवलं की छोटी छोटी गावदेवळं बंद करून एका गावात एकच देऊळ ठेवायचं, खर्च कमी, कंट्रोल सोपा. १ लाख ९० हजारांच्या आसपास देवळं होती, काही वर्षांत त्यातली साठ-सत्तर हजार गेली, मिए आणि वाकायामात सगळ्यात जास्त. देऊळ गेलं की त्याच्याभोवतीची शेकडो वर्षांची राई मोकळी, लाकूड विकायला. म्हणजे कामींचं जंगल तोडलं ते परक्यांनी नाही, शिंतोचं नाव घेणाऱ्या सरकारनेच, आणि विकत घेणारे गावातलेच. कुमागुसुने पेपरांत लेख लिहिले, प्रोफेसरांना लांबलचक पत्रं लिहिली की देवराई गेली की किडे जातील, पक्षी जातील, मग शेतावर कीड येईल, आणि गावातली माणसं एकत्र येणंही थांबेल. १९१० ला एका अधिकाऱ्याला जाब विचारायला मीटिंगमध्ये घुसून दंगा केला म्हणून तुरुंगात गेला आणि तिथेही म्हणे स्लाइम मोल्ड शोधत बसला. तानाबेच्या खाडीतलं काशिमा बेट त्याच्या धडपडीने वाचलं, आणि १९२९ ला तिथे सम्राट हिरोहितो आले, तेही जीवशास्त्राचे शौकीन, त्यांना कुमागुसुने स्लाइम मोल्डचे नमुने टॉफीच्या रिकाम्या खोक्यांतून भेट दिले. राई कामींमुळे आपोआप टिकत नाही, कुणीतरी भांडतं म्हणून टिकते. तुमच्या लेखकाला पुढच्या लेखासाठी फुकटचा विषय देतोय.

घरातल्या छोट्या कामींवर दोन ओळी असत्या तरी मजा आली असती. चुलीचा, विहिरीचा, संडासाचासुद्धा कामी असतो. गरिबीचा कामी आहे, बिंबोगामी, तो घरात शिरला की निघत नाही. आणि माझा फेव्हरिट एबिसु, हातात गळ, काखेत मासा, व्यापाऱ्यांचा आणि कोळ्यांचा लाडका. हा इझानागी-इझानामीचं पहिलं पोर, अपंग म्हणून बोरूच्या होडीत घालून समुद्रात सोडून दिलेलं, तेच पुढे किनाऱ्याला लागलं असं मानणारी एक परंपरा आहे. त्याला कमी ऐकू येतं म्हणे, म्हणून ओसाकाच्या इमामिया एबिसुला जानेवारीच्या उत्सवात लोक पुढून नमस्कार करून झाला की देवळाच्या मागे जातात आणि तिथे धाडधाड वाजवून परत सांगतात की आलोय हां मी, धंद्याचं बघा. जुन्या पंचांगाच्या दहाव्या महिन्यात देशभरचे कामी इझुमोला जमतात, किनाऱ्यावर रात्री शेकोट्या पेटवून त्यांचं स्वागत होतं, देवळात त्यांना उतरायला दोन लांबट बैठी घरं आहेत, तिथे बसून ते पुढच्या वर्षी कुणाचं लग्न कुणाशी ते ठरवतात म्हणे, आणि गावकरी त्या दिवसांत गोंगाट करत नाहीत कारण मीटिंग चालू आहे. सगळे जातात पण एबिसु घर राखायला मागे राहतो, काही म्हणतात त्याला निमंत्रण ऐकूच येत नाही.

शेवटचं, फोटोचं. लेखासोबत फुशिमी इनारीच्या शेंदरी कमानींचा फोटो आहे आणि खाली कॅप्शन 'कोल्हादेवतेचं मंदिर'. इनारी ही तांदळाची आणि आता धंद्याची देवता, ७११ पासून तिथे आहे असं देऊळ सांगतं, कोल्हे हे तिचे निरोपे, म्हणून त्यांच्या तोंडात किल्ली, भाताची लोंबी, गुंडाळी असं काही ना काही असतं. कृपया हे दुरुस्त करा. आणि फोटो चढताना काढलाय, उतरताना काढला असता तर प्रत्येक खांबावर काळ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं असतं, कुठल्या कंपनीने, कुठल्या माणसाने, कुठल्या साली ती कमान दिली ते. पायाशी लाकूड कुजलं की काढून नवी लावतात, तिचा देणगीदार वेगळा, आणि कमान जितकी मोठी तितका रेट जास्त, तिथे विचारलं तर लगेच सांगतात.

कळावे,
आपला एक नियमित वाचक